घरंगळत्या गोटीचा वेग कसा मोजावा

गांवोगांवच्या आमच्या वाचकांपैकीं कित्येक शिक्षक व उपदेशक बंधु रात्रीं मुलांचा अभ्यास घेतात, आणि विज्ञानाच्या पुस्तकांतील वेग व त्वरण ह्या धड्यापाशीं येऊन अडतात. व्याख्या पाठ होते, सूत्र पाठ होतें, परंतु मुलास विचारलें कीं, "बाळ, तूं मोजलेंस काय?" तर तें गप्प राहतें. हा धडा हातानें करून पाहण्याचा आहे, आणि त्यास लागणारें साहित्य कोणत्याहि घरीं मिळण्यासारखें आहे.

वेग कशास म्हणतात हें बैलगाडी हाकणाऱ्यास सांगावें लागत नाहीं. किती वाट किती वेळांत सरली, एवढाच तो हिशेब. त्वरणाची गोष्ट किंचित निराळी आहे. एस. टी. ची गाडी थांब्यावरून निघते तेव्हां आपली पाठ मागें बाकाला टेकते. पण सरळ सडकेवर गाडी एकदां एका चालीला लागली म्हणजे ती कितीहि जलद जावो, पाठीला कांहीं कळत नाहीं. पाठीला जें कळलें तें त्वरण. उभी असलेली गाडी 20 सेकंदांत, सेकंदाला 10 मीटर, ह्या वेगास पोहोंचली, तर दर सेकंदास तिच्या वेगांत अर्ध्या मीटरची भर पडत गेली. भर वेगांत पडते, हें मुलाच्या ध्यानीं आलें कीं अर्धा धडा झाला. (दिशेचाहि एक प्रश्न आहे, पण सरळ उतारावर तो उद्भवत नाहीं.)

आतां ही भर मोजावी कशी? दगड वरून सोडला तर तो सव्वा मीटर अंतर अर्ध्या सेकंदांत पडतो. डोळ्यानें पाहून बोटानें घड्याळ दाबण्यासच मनुष्यास सुमारें एक पंचमांश सेकंद लागतो. मग अशा मोजणीवर विश्वास कोण ठेवील? इटली देशांतील गॅलिलिओ (1564–1642) ह्यास हीच अडचण आली. त्यानें तोड काढिली ती अशी कीं, पडणें मोजतां येत नसेल तर तें मंद करावें. उतारावरून घरंगळणारा गोळा हेंहि एक प्रकारचें सावकाश पडणेंच होय.

पाडुआ येथें तो 1592 पासून 1610 पर्यंत अध्यापक होता, त्या काळांतील हे प्रयोग. 1633 सालच्या निकालानंतर नजरकैदेंत असतां त्यानें आपलें अखेरचें पुस्तक पुरें केलें, व तें हॉलंडांतील लायडन शहरीं 1638 सालीं छापून निघालें. त्यांत तो सांगतो कीं, सुमारें बारा हात लांब, अर्धा हात रुंद व तीन बोटें जाड अशी तुळई घेतली. तिच्या कडेंत बोटभर रुंदीची सरळ खोबण कोरून तींत गुळगुळीत चर्मपत्र चिकटविलें, आणि एक टोंक एक-दोन हात उचलून पितळी जातीचा कठीण वाटोळा गोळा सोडला. वेळ मोजण्यास त्यानें पाणी घेतलें. मोठ्या भांड्याच्या तळाशीं बारीक नळी. गोळा सुटतांच धार पेल्यांत धरावी, गोळा पोहोंचतांच थांबवावी, व तें पाणी बारीक तराजूंत तोलावें. पाणी दुप्पट, तर वेळ दुप्पट. आमच्याकडे लग्नाची घटका पाहण्यास सच्छिद्र घटिकापात्र पाण्यांत सोडीत व तें 24 मिनिटांनीं बुडे, हें वृद्ध मंडळींनीं ऐकलेलें असेल. पाण्यानें काळ मोजणें आपणांस अगदींच नवें नव्हे.

त्यास आढळलें तें हें: चौथाई अंतर जाण्यास गोळ्यास बरोबर अर्धा वेळ लागतो. म्हणजे वेळ दुप्पट झाला तर अंतर चौपट होतें, तिप्पट झाला तर नऊपट. शंभर शंभर वेळां प्रयोग केला, असें तो लिहितो. 1953 सालीं कॉयरे नांवाच्या विद्वानानें शंका घेतली कीं, असल्या ओबडधोबड साहित्यानें इतकें नेमकें माप निघणें शक्यच नाहीं. तेव्हां 1961 सालीं टॉमस सेटल ह्या अमेरिकन विद्यार्थ्यानें फळी, गोळा व पाणी घेऊन तो प्रयोग पुन्हां केला, आणि माप निघालें! शंकेस आमच्या मतें ह्याहून चांगलें उत्तर नाहीं.

आतां आपला प्रयोग. दोन मीटर लांबीची सपाट, सरळ फळी घ्यावी व गोटी बाहेर जाऊं नये म्हणून दोन्ही कडांना पट्ट्या माराव्या. एक टोंक 5 सेंटिमीटर उचलावें. गोटीच्या पुढें पट्टी आडवी धरून ती एकदम उचलावी. गोटीस बोटानें ढकलूं नये, कारण बोटानें दिलेला वेग कोणी मोजलेला नसतो. खालीं पत्र्याचा डबा ठेवावा म्हणजे आवाज होईल. मोठ्या पातेल्यास किंवा बादलीस तळाशीं बारीक छिद्र पाडावें. बादली भरलेली राखावी. पाणी उतरलें कीं धार मंदावते व सगळा हिशेब बिघडतो. आधीं घड्याळ लावून एक मिनिट धार धरावी. समजा 300 मिलिलिटर पाणी भरलें, तर सेकंदाला 5 मिलिलिटर. दवाखान्यांतील सुई काढलेल्या पिचकारीनें हें माप उत्तम होतें.

200 सेंटिमीटर अंतरास सुमारें 4.8 सेकंद, म्हणजे 24 मिलिलिटर पाणी येईल. 50 सेंटिमीटर अंतरास सुमारें 12. प्रत्येक अंतर दहा वेळां मोजून सरासरी काढावी, आणि दहाहि आंकडे वहींत लिहावे, बरे वाटतील तेवढेच नव्हे.

येथें बहुतेक मुलें एक चूक करितात. 200 ला 4.8 नें भागून सुमारें 42 काढितात, आणि हाच गोटीचा खालच्या टोंकाचा वेग, असें लिहितात. तो सरासरी वेग आहे. गोटी शून्यापासून सारखी वाढत गेली, म्हणून शेवटचा वेग त्याच्या दुप्पट, सेकंदाला सुमारें 84 सेंटिमीटर. पटत नसेल तर खालच्या टोंकास दुसरी फळी अगदीं सपाट लावावी व गोटी तिच्यावर एका सेकंदांत किती जाते तें पाहावें. शेवटच्या वेगास वेळानें भागलें कीं त्वरण आलें: दर सेकंदास 17.5 सेंटिमीटर वेगाची भर.

ज्या मुलास पुस्तकांतील 9.8 मीटर हा आंकडा ठाऊक आहे तो आतां घोटाळ्यांत पडेल. उतार चाळीसांत एक. तेव्हां 980 सेंटिमीटरांचा चाळिसावा भाग 24.5 यावा, आणि आले 17.5! शाळांतील प्रयोगवह्या चाळतांना आम्हांस पुष्कळदां असें दिसतें कीं, अशा जागीं आंकडा खोडून पुस्तकांतला आंकडा बसविलेला असतो. कोणी शिक्षक त्याबद्दल गुणहि देतात. ही खोटी साक्ष होय, मग ती गोटीविषयीं कां असेना. आणि ज्यानें ती दिली त्याचें नुकसानहि तेथेंच झालें. कारण 17.5 हा आंकडा खरा आहे. गोटी घसरत नाहीं, गरगर फिरत उतरते. उताराच्या ओढीपैकीं सात भागांतले दोन भाग तिला फिरविण्यांत खर्च होतात, व पुढें जाण्यास पांच उरतात. 24.5 चे पांच सप्तमांश करून पाहावे.

ज्या गांवीं भजनमंडळी आहे तेथें पाण्यावांचूनहि चालेल. वरून 12.5, 50, 112.5 व 200 सेंटिमीटरांवर फळीस बारीक दोरा आडवा ताणावा. गोटी दोऱ्यावरून जातांना टक् असा आवाज होतो, आणि हे चार आवाज टाळाच्या ठेक्यासारखे सारख्या अंतरानें येतात. गॅलिलिओचा बाप वाद्य वाजविणारा होता, आणि गॅलिलिओनेंहि तालावर असें मोजलें असावें, हें मत स्टिलमन ड्रेक ह्या अभ्यासकानें 1975 सालीं मांडिलें. कानाला सूक्ष्म चूक ओळखतां येते, हें गाणाऱ्यांस सांगणें नको.

मोबाईलवर चित्रण करून एकेक चित्र पाहिलें तर काम सोपें होतें, कारण साधारण मोबाईल सेकंदास 30 चित्रें घेतो. पण मुलानें पाण्यानें एकदां मोजलेलें असावें, मग मोबाईल घ्यावा. त्यानंतर काचेची गोटी व टेबल टेनिसचा पोकळ चेंडू एकदम सोडून कोण मागें राहतो तें पाहावें, आणि फिरविण्यांत कोणाचा वांटा अधिक खर्च होतो हें मुलांनाच विचारावें.