गोठ्यातील क्षयाचा संशय : हिवाळ्यातील बंदोबस्त

मार्गशीर्ष लागला आणि रात्रीचा गारठा अंगाला झोंबू लागला, की गोठ्याच्या दारा-खिडक्यांवर गोणपाट टांगण्याचा आपला प्रघात आहे. परंतु ज्या गोठ्यात क्षयाच्या चाचणीचा एखादाही निकाल संशयास्पद आलेला आहे, तेथे यंदा हा प्रघात सर्वांत आधी आवरावा लागेल, कारण क्षयाचे जंतू बाधित जनावराच्या श्वासातून व खोकल्यातून कोंडलेल्या हवेत मिसळतात आणि शेजारच्या दावणीवरील निरोगी जनावराच्या फुफ्फुसांत शिरतात. वारा थेट अंगावर येऊ नये इतपत आडोसा करावा, पण छताजवळची मोकळी जागा बुजवू नये. जबलपुरातील चेरीतालसारख्या दाट वस्तीत, जेथे परसातल्या गोठ्याची भिंत आणि स्वयंपाकघराची भिंत पुष्कळदा एकच असते, तेथे ही खबरदारी माणसांसाठीही आहे.

संशयास्पद निकाल म्हणजे काय, हे मालकाने नीट समजून घेतले पाहिजे. पशुवैद्य जनावराच्या मानेवर दोन ठिकाणचे केस कातरतो, चिमटीत धरलेल्या कातडीच्या घडीची जाडी मापकाने मोजून टिपून ठेवतो, आणि एका जागी पक्षिक्षयाचे व दुसऱ्या जागी गोक्षयाचे ट्युबरक्युलिन (क्षयजंतूंपासूनचे चाचणीद्रव्य), प्रत्येकी ०.१ मिलिलिटर, कातडीच्या थरातच टोचतो. ७२ तासांनी तीच घडी पुन्हा मोजावयाची. गोक्षयाच्या जागेची वाढ पक्षिक्षयाच्या जागेपेक्षा ४ मिलिमीटरांहून अधिक भरली, तर जनावर बाधित धरतात. हा फरक १ ते ४ मिलिमीटरांच्या दरम्यान राहिला, तर निकाल संशयास्पद. त्या तीन दिवसांत मालकाने सुजेवर शेक, हळद किंवा तेल यांपैकी काहीही लावू नये.

असा निकाल येण्याची कारणे एकाहून अधिक आहेत. माती-पाण्यातील निरुपद्रवी जंतुजाती, कोंबड्यांपासून आलेला पक्षिक्षय किंवा आतड्यांचा जोन्स रोग यांमुळेही कातडी काही अंशी फुगते. उलटपक्षी, ज्या जनावराच्या शरीरात क्षय फार पुढे गेला आहे, ते कधीकधी सुजेची खूणसुद्धा दाखवीत नाही. आणि नुकत्याच व्यालेल्या गाई-म्हशींमध्येही महिना-दीड महिना ही प्रतिक्रिया मंदावलेली असते. आपल्याकडे पुष्कळ म्हशी पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्यापर्यंत वितात, तेव्हा या दिवसांतल्या चाचणीच्या वेळी कोणते जनावर केव्हा व्याले, याची नोंद पशुवैद्यापुढे अवश्य ठेवावी.

फेरचाचणी किमान ४२ दिवसांनी करावी लागते, कारण त्याआधी टोचल्यास कातडी खरी साक्ष देत नाही. माझ्या मते या रोगाचा खरा निर्णय ह्याच मुदतीत, मालकाच्या वर्तनाने होतो. संशयित जनावर त्याच दिवशी वेगळ्या छपरात हलवावे. त्याची गव्हाण, पाण्याची बादली व वैरण निराळी असावी, आणि त्याचे दूध सर्वांच्या शेवटी काढावे. त्याचे शेण इतर जनावरांच्या कुरणात पसरू नये, कारण शेणात व सावलीत हे जंतू दीर्घकाळ तग धरतात. मूळ जागा खरवडून, धुऊन, फिनॉलयुक्त जंतुनाशकाने पुसून उन्हाला उघडी करावी. नुसत्या चुन्यावर भिस्त ठेवू नये.

दुधाविषयी तर हयगय मुळीच नको. रॉबर्ट कोख यांनी १८८२ साली क्षयजंतूचा शोध जाहीर केला, पण गाईचा क्षय माणसाला फारसा बाधत नाही असे त्यांनीच १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत प्रतिपादिले. ब्रिटिश शाही आयोगाने प्रदीर्घ संशोधनाअंती १९११ मध्ये त्याविरुद्ध निर्वाळा दिला. गोठ्यातले धारोष्ण दूध मुलांना पाजण्याची हौस संशयाच्या काळात सर्वस्वी बंद असावी; दूध उकळी फुटेपर्यंत तापवावे, आणि वासरालाही संशयित आईचे कच्चे दूध देऊ नये.

माणसाच्या क्षयाच्या गोळ्या जनावराला चारण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. उपचार महिनोन्महिने चालतो, औषध दुधात उतरते, जंतू दबून राहतात आणि औषधाला न जुमानणारे होतात. गोठ्यात राबणाऱ्यांपैकी कोणास दोन आठवड्यांहून अधिक खोकला, ताप अथवा मानेत गाठ असेल, तर त्याने दवाखान्यात आपल्या गोठ्याची हकीकत स्पष्ट सांगावी. गोक्षयाच्या बोव्हिस जातीवर पायराझिनामाइड हे नेहमीचे औषध मुळातच चालत नाही, त्यामुळे ही माहिती डॉक्टरांच्या उपयोगाची आहे.

पाश्चात्त्य देशांत बाधित जनावर कत्तल करून कळपातून काढतात. आपल्या मध्य प्रदेश राज्यात २००४ च्या अधिनियमान्वये गोवंशवधास मनाई आहे, म्हणून गाय बाधित ठरलीच तर तिला कायमचे अलग ठेवणे हाच मार्ग उरतो. हा भार हलका नाही. निकाल ऐकताच जनावर बाजारात नेऊन विकण्याचा मोह कोठून येतो, हे मी जाणतो. परंतु तशी विक्री म्हणजे दुसऱ्या गरिबाच्या गोठ्यात, त्याला कल्पना न देता, रोग पोहोचविणे होय. २०१८ मधील एका संकलित अभ्यासाने भारतातील बाधित गोधनाचा अंदाज सुमारे २ कोटी १८ लक्ष इतका मांडला आहे. निमूटपणे हस्तांतरित झालेल्या जनावरांचा या संख्येत वाटा नसेल, असे मला वाटत नाही.

जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय अधिनियमाच्या अनुसूचीत गोक्षय समाविष्ट असून, अशा रोगाचा संशय येताच वर्दी देणे व जनावर अलग करणे हे मालकाचे कर्तव्य आहे. गावात ही वर्दी पंचायतीकडे द्यावी, शहरात सरकारी पशुचिकित्सालयात. सल्ल्यासाठी जबलपुरात १९४८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आज ते नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक फिरवावा. या हिवाळ्यात नवी म्हैस आणावयाची असेल, तर चाचणीचा दाखला पाहिल्यावाचून पैसे मोजू नयेत, आणि दाखला असला तरी फेरचाचणी होईपर्यंत ती कळपात सोडू नये.