पुस्तक सत्राआधी हातात पडलं पाहिजे

मुंबई, जून

चि. मुक्ता हिस,


दिव्यांग विद्यार्थ्यांच्या केंद्राचं काम विद्यापीठाने तुझ्याकडे सोपवलं, हे दादाने फोनवर सांगितलं तेव्हा किती आनंद झाला म्हणून सांगू! मुंबईच्या कॉलेजात मी नोकरीभर जे काम केलं, तेच आता तात्यापाऱ्यातल्या आपल्या घरातली मुलगी रायपुरात करणार. तुझ्या पत्रातला पहिलाच प्रश्न होता, की मंजूर झालेल्या पैशातून आधी कोणती यंत्रं घ्यावीत. मुक्ता, पहिला महिना काहीच घेऊ नकोस.

त्या महिन्यात एकेका मुलाबरोबर, मुलीबरोबर निवांत बस. प्रमाणपत्रावरच्या टक्केवारीवरून गरज कळत नाही. आत्ता कसं वाचतोस, वर्गात कुठे अडतं, मागच्या परीक्षेत काय झालं, हे विचार. पुष्कळ मुलं मोबाइलवरचा पडदा वाचून दाखवणाऱ्या टॉकबॅकमध्ये सराईत असतात, मित्राकडून धडे वाचून घेऊन रेकॉर्डिंग ऐकतात. त्यांनी बसवलेली घडी मोडू नकोस, तिच्यात जे कमी पडतं तेवढं दे. पूर्ण अंध मुलगा आणि थोडं दिसणारी मुलगी यांची नावं यादीत शेजारी शेजारी असतात. तिला मोठा मॉनिटर आणि मोठं अक्षर पुरतं, ब्रेलशी तिचा कधी संबंधही आलेला नसतो. त्याला लहानपणापासून ब्रेल येत असेल, तर नुसतं ऐकून अभ्यास करायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे. शुद्धलेखन आणि समीकरणं बोटांखालून गेली की पक्की होतात. त्याच्यासाठी ब्रेल डिस्प्ले महाग पडला तरी माग.

पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी मात्र पैशाची वाट बघायची गरज नाही. मायकेल करन आणि जेम्स टे या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी उभं केलेलं एनव्हीडीए २००६ पासून आहे, फुकट आहे, हिंदी-मराठी वाचतं. ग्रंथालयातल्या, संगणक विभागातल्या आणि वसतिगृहातल्या निदान एकेका संगणकावर ते याच आठवड्यात बसवून घे. हेडफोन जास्तीचे ठेव, ते सगळ्यात आधी बिघडतात. आणि शिकवायला माणूस नेम. कपाटात कुलूपबंद पडलेली, खोक्यातून कधी न निघालेली यंत्रं मी एकाहून अधिक कॉलेजांत पाहिली आहेत. खरेदीच्या कागदावर त्यांची नोंद चोख असते, पण ती चालवायला कुणी कुणाला शिकवलेलं नसतं.

तुझा सगळ्यात जास्त वेळ मात्र मजकुरात जाईल, आणि तो जायलाच हवा. तुमच्याकडे प्राध्यापकांच्या हिंदी नोट्स अजून कृतीदेव या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. डोळसाला त्या स्वच्छ हिंदी दिसतात, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं. 'रायपुर' हा शब्द एनव्हीडीएवर ऐकून बघ. जे, के, अर्धविराम, आय, क्यू, जे असं काहीतरी ऐकू येईल. चाळीस पानांच्या नोट्स अशाच. म्हणून कृतीदेवचं युनिकोड करून घेणं हे तुझ्या केंद्राचं रोजचं काम समज. रूपांतर करणारी साधनं फुकट मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार अधूनमधून बिघडतात, तेव्हा एकदा माणसाच्या नजरेखालून जायलाच हवं. झेरॉक्सवरून स्कॅन केलेल्या पीडीएफचंही तसंच. ती नुसती चित्रं असतात, ओसीआर केल्याशिवाय, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर केल्याशिवाय, त्यातून एक शब्द बोलला जात नाही. ओसीआर झाल्यावरही तक्ते विस्कटतात, तळटीपा मधल्या ओळीत घुसतात. समीकरणं चित्र म्हणून चिकटवलेली असतील तर विद्यार्थ्याला तिथे काहीच ऐकू येत नाही, ती नव्याने टाइप करावी लागतात.

आता हिशेब कर. एक जाडं पाठ्यपुस्तक स्कॅन करून, तपासून, मथळे लावून द्यायला कित्येक आठवडे लागतात. जुलैत वर्ग सुरू झाल्यावर वाचनयादी हाती आली, तर ते पुस्तक मुलाला परीक्षेच्या तोंडावर मिळेल. वर्गातले बाकीचे दुसरी उजळणी करत असताना हा पहिलं पान उघडणार. हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी जीव तुटला आहे. म्हणून आत्ता, सुट्टीतच, ज्या ज्या विभागात आपला विद्यार्थी आहे तिथल्या प्राध्यापकांना गाठ आणि यादी माग. पूर्ण यादी नसेल तर पहिल्या दोन प्रकरणांची तरी. पुढच्या वर्षीपासून हे एप्रिलमध्ये व्हायला हवं. पुस्तक आधीच कुणी तयार केलंय का, हे सुगम्य पुस्तकालयात शोध. डेझी फोरमने केंद्र सरकारच्या दिव्यांग सक्षमीकरण विभागाबरोबर २०१६ मध्ये हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू केलं. नसेल तर स्वतः कर, आणि कुणी स्वामित्व हक्काचा बाऊ केला तर घाबरू नकोस. २०१२ च्या दुरुस्तीनंतर दिव्यांगांसाठी, नफा न घेता, पुस्तकाचं वाचनसुलभ रूप तयार करायला आपला कायदा मोकळीक देतो. अशाच मोकळिकीसाठी झालेला आंतरराष्ट्रीय माराकेश करार मान्य करणारा तर भारत जगातला पहिला देश, २०१४ मध्ये. फक्त ती फाइल आपल्याच विद्यार्थ्यांच्या हातात राहील एवढी काळजी घे.

तपासायला माणसं कुठून आणायची? चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळात जा. मंडळ दिव्यांग मुलींसाठी वसतिगृह चालवतं, हा विषय त्यांना नवा नाही. हिंदी-मराठी दोन्ही उत्तम येणाऱ्या निवृत्त शिक्षिका तिथे भेटतील. दर आठवड्याला पंधरा-वीस पानं तपासून द्या, अशी नेमकी मागणी केलीस तर त्या आनंदाने करतील.

कायदा स्वतः वाच, कुणी सांगितलेला नको. २०१६ चा दिव्यांगजन हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा त्यात राखून ठेवल्या आहेत. पण एक खाच लक्षात ठेव. पुस्तकं आणि उपकरणं मोफत देण्याचं कलम वयाच्या १८ वर्षांपर्यंतच आहे, म्हणजे मूल विद्यापीठाच्या दारात येतं तेव्हा ते संपतं. पुढे तुझा आधार कलम १६, प्रत्येकाच्या गरजेनुसार वाजवी सोय करण्याचं संस्थेवरचं बंधन. मागणीच्या अर्जात तेच लिही. कृपा मागितल्यासारखी भाषा नको, आणि भांडणाचीही नको.

याच कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार २१ केले. त्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आहे, आणि छत्तीसगडात त्याचं प्रमाण किती आहे हे मी तुला सांगायला नको, रायपुरात त्यासाठी वेगळी संस्थाच आहे. ही मुलं तुझ्या दाराशी आपणहून येणार नाहीत. दिसायला धडधाकट असतात, आणि लग्नाच्या बाजारात बातमी फुटेल या धास्तीने मुली तर बोलतच नाहीत. दुखणं उपटलं की आठ-आठ दिवस वर्ग बुडतो, मग हजेरी कमी भरते. त्यांना लागणारं तंत्रज्ञान अगदी साधं आहे : तासाचं रेकॉर्डिंग, वेळेवर चढवलेल्या नोट्स, वसतिगृहातून प्रश्न विचारायची सोय. त्यांच्या नोंदींची तुझी वही कुलपात ठेव आणि ती ठेवतेस हे त्यांना कळू दे.

कर्णबधिर मुलांबद्दल थोडंच लिहिते, कारण माझा अनुभव तिथे तोकडा आहे. गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब हिंदी बोलणं पडद्यावर उमटवतं. पण वरती पंखे घरघरत असताना शेवटच्या बाकावरच्या फोनला काय ऐकू येणार? माइक शिक्षकाच्या कॉलरला हवा. आणि ज्याची पहिली भाषा सांकेतिक आहे त्याला उमटलेली हिंदीही जड जाते, त्याच्यासाठी दुभाषी माग. श्रवणयंत्राच्या तपासणीसाठी राजनांदगावच्या सीआरसी या केंद्र सरकारी पुनर्वसन केंद्राशी संबंध जोड, नागपूरच्या रस्त्यावर जवळच आहे. एकदा स्वतः जाऊन तिथल्या लोकांना भेट, पत्रांनी कामं होत नाहीत.

शेवटी परीक्षा. तासाला किमान २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. हे केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत आहे, पण लेखनिकाचे नियम बदलत असतात, तेव्हा ताजं परिपत्रक जवळ ठेव. दिव्यांगत्व ४० टक्क्यांखाली आहे म्हणून कुणाला लेखनिक नाकारला, तर ११ फेब्रुवारी २०२१ चा विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखव. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराचं ते प्रकरण. मात्र लेखनिक मिळाला म्हणजे झालं असं समजू नकोस. जी मुलगी वर्षभर एनव्हीडीएवर स्वतः टाइप करते, तिने परीक्षेत दुसऱ्याला सांगून का लिहावं? तिला इंटरनेट बंद केलेला, कोरा संगणक दे, आदल्या दिवशी तिच्याकडूनच तपासून घे, आणि प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये हवी हे परीक्षा विभागाला आधीच लेखी कळव. तिथे कृतीदेव निघालं तर वर्षभराची मेहनत वाया.

परीक्षा विभागाला द्यायचं ते पत्र जुलैतच जाऊ दे, ऑक्टोबरात कुणी ऐकणार नाही. कच्चा मसुदा मला पाठव, मी लगेच बघून परत करते. सोबत मुलांची नावं न लिहिता फक्त गरजांची यादी पाठवलीस, तर कोणती यंत्रं घ्यायची त्यावर आपण बोलू.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या