चीजलाही हंगाम असतो का?

प्रश्न : नोकरीनिमित्त मी फ्रान्समध्ये ल्यों शहरात राहते. ऑक्टोबरमध्ये काही मैत्रिणींना घरी बोलावलं आहे आणि जेवणानंतर इथल्या पद्धतीने चीजचं ताट मांडायचा विचार आहे. दुकानदाराकडे चार-पाच प्रकारची चीज मागितली, तर तो म्हणाला, "मग शरदातलीच देतो, सध्या त्यांचाच मोसम आहे." आंब्याला मोसम असतो हे समजतं. पण दूध बारा महिने मिळतं, चीज महिनोन् महिने टिकतं, मग त्याला मोसम कुठून आला? की हा माल खपवायचा बहाणा?
– एक वाचक, ल्यों

उत्तर : बहाणा नाही, दुकानदार खरं बोलतो आहे. तुमची शंकाही रास्त आहे, कारण 'दूध बारा महिने मिळतं' हा आपल्याकडचा अनुभव. आपली उस्मानाबादी शेळी वर्षात कधीही विते. उष्ण कटिबंधात दिवस-रात्रीच्या लांबीत फार फरक पडत नाही, त्यामुळे तिला ठरावीक ऋतूची वाट पाहावी लागत नाही. युरोपातली शेळी मात्र दिवस लहान होऊ लागले की माजावर येते, म्हणजे साधारण शरदात, आणि पाच महिन्यांनी, हिवाळा सरता सरता विते. वसंतात तिचं दूध भरपूर असतं, पुढच्या शरदापर्यंत ते आटत जातं. मेंढ्यांचाही असाच विण्याचा हंगाम असतो. काही गोठ्यांत दिवे लावून दिवस 'लांबवतात' आणि हिवाळ्यातही दूध मिळवतात, पण ती माणसाने केलेली सोय झाली.

गायीचं थोडं निराळं आहे. ती वर्षभर दूध देऊ शकते, पण तिचा चारा बदलतो. आल्प्स आणि ज्युराच्या डोंगरांत उन्हाळ्यात, म्हणजे आपल्याकडे पाऊस कोसळत असतो तेव्हा, गायी हिरव्या कुरणात चरतात. हिवाळ्यात त्या गोठ्यात वाळलेलं गवत खातात. हिरव्या गवतात कॅरोटीन हा पिवळा रंग भरपूर असतो. तो गायीच्या दुधातल्या स्निग्धांशात उतरतो, म्हणून उन्हाळी दुधाचं चीज पिवळसर आणि हिवाळी दुधाचं फिकट, हस्तिदंती दिसतं. आपल्या घरातही हे दिसतं : गायीचं तूप पिवळं, म्हशीचं पांढरं. म्हैस त्या कॅरोटीनचं 'अ' जीवनसत्त्वात रूपांतर करून टाकते, शेळीही तेच करते. म्हणून शेळीचं चीज कुठल्याही ऋतूत पांढरंच. पिवळं दिसलं की रंग घातला, असा समज सरसकट खरा नाही. काही चीजमध्ये शेंदरीच्या बियांचा रंग घालतात हे खरं, पण कोंतेसारख्या चीजमध्ये रंग घालायला नियमानेच बंदी आहे.

आता मुरण्याचा काळ यात धरा, म्हणजे कोडं सुटतं. चीजचा मोसम दोन गोष्टींवरून ठरतो : दूध कधी काढलं आणि त्यानंतर ते किती मुरलं. दुकानात उभं राहून तेवढे महिने मागे मोजायचे, बाकी काही लागत नाही.

कोंतेवर हे करून पाहा. ज्युरामध्ये साधारण 400 लिटर दुधातून सुमारे 40 किलोचं एक चाक तयार होतं आणि ते किमान 4 महिने मुरवावं लागतं. दुकानात त्याहून बरंच जास्त मुरलेलंही मिळतं. ऑक्टोबरमध्ये 15 महिने मुरलेलं कोंते घेतलंत, तर त्याचं दूध गेल्या वर्षीच्या जुलैमधलं, म्हणजे ऐन हिरव्या कुरणाचं. तेच 18 महिन्यांचं घेतलंत तर मोजणी एप्रिलवर येते, गायी नुकत्या गोठ्याबाहेर पडू लागतात तेव्हाची. जास्त जुनं म्हणजे हमखास जास्त चांगलं, ही समजूत इथेच पांगळी पडते. मी तुमच्या जागी असते तर 15 महिन्यांचंच मागितलं असतं. दाताखाली बारीक कण कचकचले तर ते मीठ नव्हे. प्रथिनं फुटून टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल मोकळं होतं, त्याचे ते स्फटिक. ते चीज चांगलं मुरल्याची खूण असते.

बोफोर या चीजच्या बाबतीत थोडं सावध राहा. उन्हाळी बोफोर जूनपासून ऑक्टोबरपर्यंत बनतं आणि किमान 5 महिने मुरतं. म्हणजे यंदाच्या जूनमधलं बोफोर नोव्हेंबरआधी दुकानात येऊच शकत नाही. ऑक्टोबरमध्ये कोणी उन्हाळी बोफोर दिलं, तर ते आधीच्या वर्षीचं आहे असं समजा. त्यात वाईट काही नाही, उलट ते सुरेख लागतं. फक्त ते 'यंदाचं' नसतं.

शरदाचं खरं मानाचं चीज म्हणजे मों-दोर. ऋतूमुळे चीज कसं घडतं हे त्याच्यात सगळ्यात स्पष्ट दिसतं. थंडी पडू लागली, गायी गोठ्यात परतल्या की दूध कमी व्हायचं. कोंतेच्या एका चाकाला 400 लिटर लागतात, तेवढं जमेना. मग डोंगरातल्या शेतकऱ्यांनी उरल्यासुरल्या दुधाचं लहान, मऊ चीज करायला सुरुवात केली. ते इतकं मऊ की आपल्या आकारात राहत नाही, म्हणून त्याला स्प्रूस झाडाच्या आतल्या सालीची पट्टी गुंडाळतात आणि त्याच लाकडाच्या डबीत ठेवतात. वरची साय गुलाबी-तपकिरी, सुरकुतलेली असते. ती चमच्याने बाजूला केली की आतलं चीज दाट बासुंदीसारखं हलतं आणि त्याला ओल्या लाकडाचा, रानाचा वास येतो. हा वास त्या पट्टीचा. आज दूध वर्षभर मिळत असलं तरी नियम जुन्या ऋतूलाच धरून आहे : मों-दोर 15 ऑगस्ट ते 15 मार्च एवढ्याच काळात बनवता येतं, ते किमान 21 दिवस मुरवावं लागतं आणि 10 सप्टेंबर ते 10 मे याच काळात विकता येतं. तुमच्या दुकानदाराच्या मनात बहुधा हेच असणार.

त्यांच्या जोडीला दोन पुरे. रोकफोर हे मेंढीच्या दुधाचं, निळ्या बुरशीचं. मेंढ्यांचं दूध साधारण डिसेंबर ते जुलै मिळतं आणि चीज किमान 90 दिवस मुरतं, म्हणून शरदात कापलं जाणारं बहुधा वसंतातल्या दुधाचं असतं. दुसरं शेळीचं सँत-मोर द तुरेन, लांबट, राख लावलेलं, मधोमध राय या धान्याच्या ताटाची एक काडी असलेलं. ऑक्टोबरमध्ये शेळ्या आटत आलेल्या असतात, दूध थोडं पण दाट असतं. ताजं, ओलसर चीज वसंतात छान. आत्ता जरा सुकलेलंच मागा.

किती घ्यायचं? जेवणानंतर खायचं असेल तर माणशी 60 ते 80 ग्रॅम पुष्कळ होतं. मों-दोरची लहान डबीही अर्ध्या किलोच्या आसपास असते, तेव्हा बाकीची घेताना हात आखडता घ्या. चीज फ्रीजमधून तासभर आधी बाहेर काढा. थंडीत स्निग्धांश घट्ट राहतो आणि त्यातली वासाची द्रव्यं मोकळी होत नाहीत, म्हणून फ्रीजमधलं चीज फिकं लागतं. खाताना शेळीच्या सौम्य चीजपासून सुरुवात करून रोकफोर शेवटी घ्यावं, नाहीतर त्यानंतर कशाचीच चव लागत नाही. सोबत नासपती, अंजीर, द्राक्षं आणि या दिवसांत मिळणारे ताजे, ओले अक्रोड ठेवा. रोकफोर आणि नासपती ही जोडी तर चुकवूच नका. लाल वाइनशिवाय चीज नाही, हाही एक गैरसमज. ज्युराची पांढरी वाइन कोंतेशी जास्त जुळते, आणि न पिणाऱ्यांसाठी सफरचंदाचा रस उत्तम.

एक गोष्ट मात्र आमंत्रण देतानाच विचारून घ्या. वर सांगितलेली कोंते, बोफोर, मों-दोर, रोकफोर ही सगळी परंपरेप्रमाणे वासराच्या किंवा कोकराच्या जठरातून काढलेल्या, दूध साकळवणाऱ्या रेनेटने लावतात. आपल्याकडचं नेहमीचं चीज सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटचं असतं, त्यामुळे आपल्या शाकाहारी मंडळींच्या हे ध्यानीमनीही नसतं. अशी मैत्रीण असेल तर दुकानदाराकडून वनस्पतीजन्य किंवा सूक्ष्मजीवजन्य रेनेटचं चीज मागून वेगळ्या ताटलीत, वेगळ्या सुरीसह ठेवा. पोर्तुगालचं सेरा द एश्त्रेला मिळालं तर फारच छान, ते काटेरी रानफुलाच्या केसरांनी लावतात. कोणी गरोदर असेल तर फ्रान्सचं मों-दोर आणि रोकफोर तिला देऊ नका. दोन्ही कच्च्या दुधाची असतात आणि त्यांतून लिस्टेरियाचा धोका संभवतो.