नळ हवा ओढतो, मग पाणीही ओढेल का?

प्रश्न : आमच्याकडे पाणी सकाळी तासभर येतं. जाताना नळ आधी फुरफुरतो आणि मग आवाज करत हवा आत ओढतो. तोटीवर तळहात ठेवला तर चक्क चिकटतो. त्या वेळी नळाला लावलेली नळी बादलीत बुडालेली असेल, तर बादलीतलं पाणी परत नगरपालिकेच्या लाइनमध्ये जाऊ शकतं का? आणि पाणी सुटल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं ते गढूळ का येतं? शेजारी म्हणतात, लाइन धुऊन निघते म्हणून.
— एक वाचक, जळगाव जिल्हा

उत्तर : जाऊ शकतं. नुसतं शकतं असं नाही, आपल्याकडे रोज कुठे ना कुठे जातं. पाइपला घरची बाजू आणि रस्त्याची बाजू असा भेद नसतो. जिकडे दाब कमी, तिकडे पाणी जाणार.

तुमच्या गल्लीत काय होतं ते पाहा. वॉलमननं चावी फिरवून व्हॉल्व्ह बंद केला की टाकीकडून येणारं पाणी थांबतं, पण लाइन अजून भरलेली असते. उताराच्या टोकाला असलेल्या घरांचे नळ उघडेच असतात. लाइनमधलं पाणी तिकडे उतरायला लागतं आणि चढावरच्या भागात मागे पोकळी तयार होते. ती भरून काढायला तुमचा नळ हवा ओढतो. तोटीच्या नळीचं तोंड बादलीच्या तळाशी असेल, तर हवेच्या जागी बादलीतलं पाणी ओढलं जातं. पूर्वी रेशनचं रॉकेल कॅनमधून काढताना नळी तोंडानं ओढून खाली सोडायचे. एकदा धार लागली की कॅन रिकामा होईपर्यंत थांबत नसे. इथे ओढण्याचं काम लाइन करते, एवढाच फरक. बादलीपासून तोटीपर्यंतची चढण जेमतेम दोन-तीन फूट असते. हवेचा दाब पाण्याला सुमारे दहा मीटरपर्यंत चढवू शकतो, तेव्हा ही चढण त्याच्या खिजगणतीतही नसते. बादलीत फिनेल असो की बाळाची दुपटी भिजत घातलेली असोत, दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं की ते कुणाच्या तरी हंड्यात पडणार.

गढूळपणाबद्दल तुमच्या शेजाऱ्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. रिकाम्या लाइनमध्ये पाणी जोरानं शिरतं तेव्हा तळचा गाळ आणि गंज खरवडून आणतं. पण सगळंच काही आतलं नसतं. घराकडे येणारी सर्व्हिस लाइन बऱ्याच गावांत गटारातून किंवा गटाराच्या कडेनं आणलेली असते, कारण रस्ता न फोडता घरापर्यंत पोचायचा तो सोपा मार्ग. जुन्या जीआय पाइपला पाच-दहा वर्षांत गंजून भोकं पडतात, सांधे सैल होतात, मुख्य लाइनशी जोड देणाऱ्या फेरूलपाशी फट राहते. दाब असताना तिथून पाणी बाहेर जातं आणि आपण गळती म्हणून हळहळतो. दाब गेला की त्याच भोकातून गटार आत येतं. गळती ही फक्त वाया गेलेल्या पाण्याची बाब आहे असं समजणं मला म्हणूनच पटत नाही.

हा फरक हुबळी-धारवाडला नीट तपासला गेला आहे. तिथल्या काही वॉर्डांत २००८च्या सुमारास चोवीस तास पाणी सुरू झालं. बाकी शहरात ते काही दिवसांआडच येत राहिलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संशोधकांनी दोन्हीकडच्या नळांचे नमुने घेतले. विष्ठेशी संबंधित जंतू काही दिवसांआड पाणी येणाऱ्या भागात कितीतरी जास्त वेळा सापडले, आणि पाणी नुकतंच सुटलेलं असताना किंवा दाब कमी असताना अधिक. लाइन सतत भरलेली राहिली की गटाराला आत यायला जागाच मिळत नाही. चोवीस तास पाणी म्हणजे श्रीमंत शहरांचे चोचले, असं म्हणणाऱ्यांनी कराडजवळचं मलकापूर पाहून यावं. छोटं गाव आहे, मीटर लावून ते जमवलं.

तुम्ही विचारलं नाही, पण टिल्लू पंपाबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. लाइनला थेट मोटर लावणारा शेजाऱ्याचं पाणी पळवतो, हे सगळे जाणतात. नगरपालिका मोटरी जप्त करते ती त्यासाठीच. मात्र ती मोटर लाइन शोषून घेते तेव्हा पाण्याच्या वेळेतही आत पोकळी होते. म्हणजे गटाराला भर सकाळी आमंत्रण. आणि ते पाणी सगळ्यात आधी मोटरवाल्याच्याच टाकीत जातं. मोटर लावायचीच तर स्वतःच्या हौदाला लावावी: लाइनचं पाणी आपणहून हौदात पडू द्यावं, मग हौदातून वर चढवावं.

जिथे दाब सहसा जात नाही तिथेही एखाद्या दिवशी घात होतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर नावाचं शहर आहे. तिथल्या होली क्रॉस कॉलेजचा फुटबॉल संघ १९६९च्या उन्हाळ्याच्या शेवटी सराव करत होता. मैदानाच्या टोकाला पिण्याच्या पाण्याचा नळ होता आणि त्याच पाइपवर गवताला पाणी मारायचे फवारे. या फवाऱ्यांच्या तोंडाशी जमिनीत खड्डे होते आणि त्यांत पाणी साचायचं. जवळ राहणारी मुलं तिथे खेळत, तिथेच लघवी करत, आणि त्यांतल्या काहींना कावीळ झालेली होती. ऑगस्टच्या अखेरीस शहरात एके ठिकाणी आग लागली. बंबांनी पाणी ओढलं, कॉलेज टेकडीवर असल्यानं तिथला दाब पडला आणि खड्ड्यांतलं पाणी पाइपमध्ये खेचलं गेलं. खेळाडू आणि प्रशिक्षक मिळून ९७ जणांपैकी ९० जणांना लागण झाली. दोन सामने खेळून त्या वर्षीचा हंगाम बंद करावा लागला.

पाणी मागे जायला दर वेळी पोकळीच लागते असं नाही. मागून जोर आला तरी ते जातं. आपल्या सोसायट्यांत हा प्रकार सर्रास आढळतो. नगरपालिकेची लाइन आणि बोअरची लाइन एकमेकींना जोडतात आणि मधे एक व्हॉल्व्ह टाकतात. तो नीट बसला नाही, किंवा वॉचमन बंद करायला विसरला, की बोअरची मोटर आपलं पाणी सरळ गावाच्या लाइनमध्ये ढकलते. फिनलंडमध्ये नोकिया नावाचं शहर आहे (मोबाइल कंपनीचं नाव त्यावरूनच पडलं). तिथल्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात पिण्याच्या पाण्याची लाइन आणि प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची लाइन अशाच एका व्हॉल्व्हनं जोडलेली होती. नोव्हेंबर २००७मध्ये कामाच्या वेळी तो उघडला गेला आणि उघडाच राहिला. दोन दिवसांत सुमारे साडेचार लाख लिटर सांडपाणी लोकांच्या नळांत गेलं आणि आठ हजारांवर माणसं जुलाब-उलट्यांनी आजारी पडली.

यावरचा सगळ्यात भरवशाचा उपाय फुकट आहे: मधे मोकळी हवा ठेवणं. नळाचं तोंड आणि खालच्या पाण्याची सर्वांत उंच पातळी यांत तोंडाच्या व्यासाच्या दुप्पट अंतर हवं, आणि ते इंचभरापेक्षा कमी नको. लाइननं कितीही ओढलं तरी हवाच जाईल, पाणी जाणार नाही. म्हणून नळी बादलीत बुडवू नका. पिंपाच्या काठाच्या वर बांधून ठेवा. हौदात येणारी तोटी ओव्हरफ्लोच्या भोकापेक्षा वर असली पाहिजे. इथे प्लंबर हमखास चूक करतात. पाणी पडल्याचा आवाज नको म्हणून तोटीला पाइप जोडून तो तळापर्यंत सोडतात. तो कापून टाका. बोअरचं आणि नगरपालिकेचं पाणी टाकीत वेगवेगळ्या तोंडांनी, वरून पडू द्या. मधल्या जोडाला काहीही कारण नाही. संडासातल्या जेट स्प्रेची नळी भांड्यात लोंबत असेल तर तीही हुकाला अडकवा.

पाणी सुटल्यावरचं पहिलं गढूळ पाणी सोडून द्या किंवा धुण्या-पुसण्याला वापरा. नळाशी येणाऱ्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरिन हवं, असं भारतीय मानक सांगतं. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ओटी टेस्ट करतो ती याचसाठी. नमुन्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला नाही, तर वाटेत कशानं तरी क्लोरिन खाऊन टाकलंय, असं समजा.

प्रश्न : आमच्या बिल्डिंगमध्ये मीटरनंतर एनआरव्ही (पाणी उलट जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) बसवला आहे. एवढं पुरे ना?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बसवलात ते चांगलंच केलंत, पण त्यावर विसंबू नका. आतली झडप एका वाळूच्या खड्यानंही अर्धवट उघडी राहते आणि बाहेरून काही कळत नाही. तपासायची एक साधी रीत आहे: पाणी गेल्यावर एनआरव्हीच्या पुढचा, घराच्या बाजूचा सर्वांत खालचा नळ उघडा. तो हवा ओढत असेल तर झडप धरत नाहीये. वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्या.

हॉस्पिटल, रसायनांचा कारखाना अशा धोक्याच्या जागी परदेशांत साधा एनआरव्ही चालत नाही. तिथे दोन झडपा आणि त्यांच्यामध्ये एक कप्पा असलेलं उपकरण लावतात. कप्प्यातला दाब मुद्दाम लाइनपेक्षा कमी ठेवलेला असतो. झडप बिघडली किंवा लाइनचा दाब पडला की कप्प्याच्या बुडाचं भोक आपोआप उघडतं, पाणी लाइनमध्ये परतण्याऐवजी जमिनीवर सांडतं आणि बिघाड सगळ्यांना दिसतो. असं उपकरण तुमच्या पाहण्यात आलं आणि ते सारखं गळत असेल, तर प्लंबरला जरूर बोलवा. फक्त ते भोक बुजवायला सांगू नका.