पुराचें गणित व शिकणारें यंत्र

विद्यार्थिमित्रहो, २६ जुलै २००५ रोजीं मुंबईवर कोसळलेला पाऊस तुमच्या पालकांस स्मरत असेल. दुसऱ्या दिवशीं सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. कुलाब्यास मात्र सुमारें ७४ मिलिमीटरच पडला. मिठी नदी वस्तींत शिरली व शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं. अशा वेळीं कोणत्या गल्लींत किती पाणी चढेल, हें दोन तास आधीं कळलें तर किती जीव वांचतील!

हें गणित नवें नाहीं. वाहत्या पाण्याचीं समीकरणें सें-व्हेनां ह्या फ्रेंच पंडितानें १८७१ सालीं मांडलीं. त्यांच्याच विस्तारावर आजची रीत उभी आहे. शहराच्या नकाशावर बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें चौकोन पाडावयाचे, प्रत्येकाची उंची नोंदावयाची, आणि एका चौकोनांतून शेजारच्या चौकोनांत किती पाणी जातें हें क्षणोक्षणीं मोजावयाचें. परंतु चौकोनाची बाजू निम्मी केली, कीं चौकोन चौपट होतात. शिवाय काळाचे टप्पेहि निम्मे घ्यावे लागतात. म्हणजे श्रम आठपट! बोळ, भिंत, नाला हीं नकाशांत उमटावयास बारीक चौकोनच हवेत; पण तेवढें गणित सुटेपर्यंत पाणी उंबऱ्याशीं येऊन ठेपतें.

ह्यावर 'डीप लर्निंग' ही नवी युक्ति आहे. संगणकाकडून पावसाळ्यापूर्वींच, सवडीनें, नानाविध कल्पित पावसांचीं गणितें सोडवून घेतात. पाऊस व जमिनीची उंची हा प्रश्न, पाण्याची खोली हें उत्तर. अशीं उदाहरणें मेंदूंतील तंतूंच्या धर्तीवर रचलेल्या एका गणिती जाळ्यापुढें ठेवितात. उत्तर चुकलें, कीं तें जाळें आपले अंतर्गत आंकडे किंचित् बदलतें. असें असंख्य वेळां घडल्यावर तें समीकरणें न सोडवितां नव्या पावसाचें उत्तर अल्पावधींत देऊं लागतें.

तथापि, हा शिष्य गुरूहून अधिक शहाणा नव्हे. मूळ गणितांतील चूक तोहि शिकतो; आणि कधीं न पाहिलेल्या अतिवृष्टीपुढें तो आत्मविश्वासानें चुकूं शकतो. नाला गाळानें तुंबला असेल व नकाशा तो मोकळा दाखवीत असेल, तर यंत्रास तें कसें कळावें? म्हणून कांहीं पाऊस त्याच्यापासून मुद्दाम दूर ठेवून त्यांवर त्याची परीक्षा घेतात, व प्रत्यक्ष पुराच्या खुणांशीं उत्तरें ताडून पाहतात.

मुलांनो, तोंडी हिशेब झटपट करावा. परंतु पाटीवर पडताळून पाहण्याची संवय सोडूं नये. जेथें उत्तरावर माणसांचे प्राण अवलंबून असतात, तेथें तर मुळींच नाहीं.