कंपनी बंद पडलेला चाकू

तुला घडीच्या जुन्या चाकूंचा नाद लागलाय, असं तुझ्या आईकडून कळलं. चांगला नाद आहे. एक गोष्ट मात्र पहिल्यापासून डोक्यात ठेव. जो चाकू आता कुणी बनवत नाही, त्याचं पातं झिजलं की झिजलं. मूठ फुटली तर सुतार दुसरी बसवून देईल, खिळा ढिला झाला तर ठोकून घेता येईल. दगडावर घासून गेलेलं पोलाद कुठून आणणार? म्हणून घेताना चकाकी बघू नकोस, पातं किती शिल्लक आहे ते बघ.

चाकू मीट आणि जिथे पातं आत बसतं तिथे अंगठा फिरव. टोक वर येऊन बोटाला टोचलं तर समज, धार लावून लावून पातं संपवत आणलंय. काही जण हे टोक लपवतात. पात्याच्या बुडाशी, धार सुरू होण्याआधी, एक बारीक उंचवटा असतो. चाकू मिटलेला असताना तोच मुठीतल्या कमानीवर, म्हणजे स्प्रिंगवर, टेकतो, म्हणून धार अधांतरी राहते. तो उंचवटा कानशीने घासला की पातं खोल बसतं आणि टोक दडतं; पण मग दर वेळी मिटताना धारच कमानीवर आपटते. चाकू उघडून धार उजेडाकडे धर. मधोमध चमकणारी चपटी जागा दिसली तर हीच भानगड. मग कंपनी कितीही नावाजलेली असो, चाकू परत ठेव. आणि आपला चाकूही कधी टकाटक मिटू नकोस. पातं शेवटपर्यंत बोटांनी धरून आत बसव.

नाव वाचायला भिंग जवळ ठेव. शिक्का खिळ्याजवळ, पात्याच्या बुडाशी असतो. इंग्रजांच्या काळात शेफील्डच्या जोसेफ रॉजर्सच्या चाकूंना आपल्याकडे मोठा मान होता. त्यांची खूण म्हणजे तारा आणि शेजारी माल्टीज क्रूस. मुकुटाच्या दोन बाजूंना व्ही आणि आर ही अक्षरं असली तर चाकू राणी व्हिक्टोरियाच्या काळातला, म्हणजे 1901 च्या आधीचा. या नावाच्या नकलाही भरपूर झाल्या, त्यामुळे नुसत्या नावावर भुलू नकोस. अक्षरं रेखीव आहेत का, स्पेलिंग बरोबर आहे का, ते बघ. स्विस चाकूंत वेंगर शोध. 2005 साली व्हिक्टोरिनॉक्सने ती कंपनी घेतली आणि पुढे वेंगर नावाचे चाकू निघेनासे झाले. माहुलीच्या किल्ल्यावर, आजोबा नावाच्या डोंगरावर येणाऱ्या मुंबईच्या गिर्यारोहकांकडे अजून ते दिसतात.

आपल्या भागात लष्करी चाकूवर नजर ठेव. आजचं उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला कल्याण कॅम्प, सैन्याचा मोठा तळ. जाड पातं, डबा फोडायचं हत्यार आणि दोराची गाठ सोडवायला पाठीला दाभणासारखा जाड काटा, असा तो चाकू. त्यावर तीन रेघांचा बाण आणि साल कोरलेलं असतं. भंगारवाल्याकडे गंजलेला मिळाला तर आनंदाने घे, पण लगेच सँडपेपर घासू नकोस. शिक्का एकदा पुसला की तो निव्वळ लोखंडाचा तुकडा. खिळ्यापाशी शिवणयंत्राच्या तेलाचे थेंब सोड, दोन दिवस उभा ठेव, मग पातं चामड्याच्या तुकड्यात धरून हळूहळू हलव. तांबडा गंज निघाला पाहिजे. खालचा काळपट निळा थर राहू दे. तो पोलादाला जपतो.

चाकावर धार लावणाऱ्याला असला चाकू कधीही देऊ नकोस. चाकावर ठिणग्या उडाल्या, टोक निळं पडलं, की पात्याचं पाणी उतरलं. मग कितीही घास, धार टिकत नाही. घरी कुरुंदाच्या दगडावर पाणी टाकून लाव. छोट्या पात्याची पाठ दगडापासून रुपयाच्या दोन नाण्यांएवढी वर ठेव आणि दोन्ही बाजूंनी सारखंच घास. कलमाच्या चाकूची गोष्ट वेगळी. त्याची एक बाजू सपाट असते, ती दगडावर पूर्ण टेकवून फक्त घासताना धारेवर आलेली कूस काढायची. उतार दुसऱ्या बाजूलाच. आंब्याचं कोय कलम बांधताना काप सपाट आला नाही तर जोड धरत नाही. आणि कलमाच्या चाकूने पिशवीची सुतळीही कापू नकोस.

वापरायचा एक आणि जपायचा एक, असे दोन वेगळे ठेव. नुसते कपाटात ठेवलेले चाकू मला आवडत नाहीत. हातात घेतल्याशिवाय कमानीचा जोर कळत नाही. कामाच्या चाकूने फणस चिरायचा तर विळीला लावतो तसं आधी पात्याला तेल लाव, चीक चिकटणार नाही. कैरी किंवा लिंबू कापल्यावर तिथल्या तिथे धुऊन पूस, साधं पोलाद आंबटाने काळं पडतं आणि फोडीलाही लोखंडाची चव येते. चाकूचा पेचकस करू नकोस, डब्याचं झाकण उचकटू नकोस. टोकं बहुतेक तिथेच मोडतात.

आपल्या पावसात चामड्याचं म्यान हा चाकूचा वैरी. ओल धरतं आणि आतल्या पितळेवर हिरवं येतं. ज्येष्ठ लागला की म्यानं बाजूला काढ, चाकूंना तेलाचं बोट लाव आणि सुती फडक्यात ठेव. खोबरेल नको, ते पुढे चिकट होतं. जुन्या सेल्युलॉइडच्या मुठीचा चाकू बाकीच्यांपासून लांब ठेव. ती मूठ सडू लागली की तिच्या वाफेने शेजारचीही पाती गंजतात. खंडेनवमीला पूजा जरूर कर, पण हळदकुंकवाचं ओलं बोट आणि फुलं रात्रभर पात्यावर राहू देऊ नकोस. संध्याकाळी कोरडं पुसून तेल लाव.

हस्तिदंताच्या किंवा सांबरशिंगाच्या मुठीला हात लावू नकोस. विकणारा किती जुनी म्हणून सांगेल, पण 1972 चा वन्यजीव कायदा आहे. बटण दाबून उघडणाऱ्या रामपुरीचाही मोह टाळ. त्यातलं पितळेचं काम सुरेख असतं, सिनेमाने त्याला गुंडाचं हत्यार करून टाकलं याचं मला वाईट वाटतं. तरी नाक्यावर पोलिसाला कारागिरी समजावत बसण्यात अर्थ नाही. शस्त्रांच्या नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पातं येतं. शेतीच्या आणि घरकामाच्या हत्यारांना त्यातून सूट आहे. मात्र सणावारी, निवडणुकीत मनाई आदेश निघतो, तेव्हा छोटा चाकूही खिशात नको. पौषात म्हसा यात्रेला जाशील तेव्हा बैलबाजार, घोंगड्या, लोहारांचे कोयते सगळं बघ, पण आपला चाकू घरी ठेवून जा. तिथे एखादा जुना मिळालाच, तर कागदात गुंडाळून सुतळीने बांध आणि पिशवीच्या तळाशी टाकून सरळ घरी आण.