परसातला खडकाळ ट्रॅक

प्रश्न : मुलाकडे १:१० मापाचा रिमोटवरचा क्रॉलर ट्रक आहे. साताऱ्यात घरामागे १५ बाय १० फूट जागा आहे. दगड रचून पाहिले, पण ते सरकतात आणि ट्रक सारखा उलटतो. काय करावं?

उत्तर : दगड जमिनीवर नुसते ठेवू नका, पुरा. प्रत्येकाचा निदान एक तृतीयांश भाग मातीत जाऊ द्या आणि भोवती ओला मुरूम ठोकून बसवा. तुमच्याकडचा काळा दगड यासाठी उत्तम. खडबडीत असल्याने टायर पकड घेतात. गुळगुळीत फरशीचे तुकडे मात्र नकोत.

दगड निवडताना टायर शेजारी धरून बघा. बहुतेक दगड टायरच्या निम्म्या उंचीचे हवेत, टायरएवढे दोन-तीनच. मोठ्या दगडावर पुढची चाकं उतरली, मागची चढायचीत आणि मधेच ट्रकचं पोट टेकतं. चाकं नुसती फिरत राहतात. तिथे अलीकडे-पलीकडे एकेक चपटा दगड बसवा.

उलटण्याचं कारण बहुधा आडवा उतार. तो आधी सौम्य ठेवा, मुलाचा हात बसला की वाढवा. टपावर कॅरियर, खोटं सामान लावलं असेल तर काढा. वजन जितकं खाली तितका तोल चांगला.

वाट दाखवायला बांबूच्या काटक्या जोडीने रोवा, ट्रकच्या रुंदीपेक्षा चार बोटं जास्त अंतर ठेवून. काटक्यांना धक्का न लावता ट्रक त्यांच्यामधून नेण्यात खरी मजा आहे, कारण क्रॉलरचा खेळ वेगाचा नाही, नेमकेपणाचा आहे.

आणि ट्रकची बॅटरी लिपो (लिथियम पॉलिमर) असेल, तर ती मोठ्या माणसासमोरच चार्ज करा, खेळून गरम झालेली असताना तर मुळीच नको.